मुंडकार म्हणून नाव लागले, पण घर नावावर झाले का?

गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. ‘आमचं मुंडकारपण झालंय’ असे कोणी सांगितले की लगेच पुढचा प्रश्न विचारावा : म्हणजे नेमके काय झालेय? मुंडकारांच्या रजिस्टरात नाव लागले? मामलेदाराने मुंडकार असल्याचा निवाडा दिला? की जमिनीची किंमत भरून खरेदीचा दाखला हातात आला? ही तीन वेगवेगळी कामे आहेत आणि त्यांचे कागदही वेगळे आहेत. पहिले झाले की बाकीची आपोआप होतात असे समजून कितीतरी कुटुंबे वर्षानुवर्षे निर्धास्त राहतात. मग मुलाला घर पाडून नवे बांधायचे असते, बँक कर्जासाठी मालकीचा कागद मागते, आणि तेव्हा कळते की फॉर्म एक व चौदा या जमिनीच्या उताऱ्यावर मालक म्हणून अजून भाटकाराच्या आजोबांचेच नाव आहे.

या गैरसमजाला कारण आहे. कूळ आणि मुंडकार हे शब्द आपण एका श्वासात उच्चारतो. पण कुळाला शेतजमीन कायद्यानेच देऊन टाकली. २० एप्रिल १९७६ या ‘टिलर्स डे’ला कूळ त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. मुंडकाराच्या बाबतीत तसे झाले नाही. १९७५ चा मुंडकार कायदा १२ मार्च १९७६ पासून लागू झाला. त्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले आणि घर विकत घेण्याचा हक्क दिला. हा हक्क आहे, मालकी नव्हे. तो बजावण्यासाठी अर्ज करावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, पैसे भरावे लागतात. जो हे करत नाही तो मुंडकारच राहतो, त्याची नातवंडेही मुंडकारच राहतात.

कलमांचे आकडे लक्षात ठेवले तर कचेरीत बोलणे सोपे जाते. मुंडकार असल्याचे जाहीर करून घेण्याचा अर्ज कलम ८-अ खाली होतो. रजिस्टरात नोंद कलम २९ खाली. खरेदीचा हक्क आणि त्याची कार्यवाही कलम १५ व १६ मध्ये आहे. आपल्या घरात जुना ‘ऑर्डर’ पडलेला असेल तर त्याच्या वरच्या चार ओळी वाचा. त्यात कुठले कलम लिहिले आहे, यावरून आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते कळते. भाटकाराने मुंडकारपणच नाकारले असेल आणि आपल्याकडे त्याचा निवाडा नसेल, तर खरेदीचा अर्ज तिथेच अडतो. आधी दर्जा ठरतो, मग खरेदी.

मुंडकार कोण, याची व्याख्या वाचताना चार गोष्टी शोधायच्या : घर राहते असले पाहिजे, वास्तव्य कायमचे असले पाहिजे, ते कायदेशीर असले पाहिजे आणि त्याला भाटकाराची संमती असली पाहिजे. भाटकाराकडे चाकरी केली की नाही याने फरक पडत नाही. ‘आम्ही त्याच्या माडांची राखण कधी केली नाही, मग आम्ही मुंडकार कसे’ ही शंका मनातून काढून टाकावी. कायदा सेवा असो वा नसो, दोन्ही माणसांना धरतो. संमतीचा लेखी कागद बहुतेकांकडे नसतो, त्या काळी तोंडी शब्दावर घरे उभी राहिली. म्हणून कायद्याने एक गृहीतक दिले आहे : १२ मार्च १९७६ पूर्वी एक वर्ष माणूस तिथे राहत होता आणि त्या वर्षात भाटकाराने त्याला काढण्यासाठी कोर्टात दावा घातला नाही, तर संमती होती असे मानले जाते. दावा घातला पण हुकूमनामा मिळाला नाही, किंवा मिळालेला हुकूमनामा वर्षभरात बजावून घेतला नाही, तरी तेच. त्यामुळे १२ मार्च १९७५ ते १२ मार्च १९७६ हे एक वर्ष साऱ्या खटल्याचा कणा असते. त्यानंतर राहायला आलेलाही मुंडकार होऊ शकतो, पण त्याला गृहीतकाचा आधार मिळत नाही. संमती त्याला वेगळी सिद्ध करावी लागते.

व्याख्येतून वगळलेली माणसेही आहेत, आणि भाटकाराचा वकील आपल्याला याच खणांत बसवू पाहतो. घराचे भाडे देणारा मुंडकार नव्हे. मालकाच्या आवारातल्या खोलीत राहणारा पगारी नोकर किंवा चौकीदार नव्हे. कारखाना, खाण, दुकान अशा ठिकाणी नोकरीमुळे मालकाच्या जागेत राहणारा नव्हे. बंद घर राखायला, झाडलोट करून राहण्याजोगे ठेवायला ठेवलेला माणूस नव्हे.

यातले भाडे आणि राखण हे दोन मुद्दे सर्वात जास्त खटले बुडवतात, आणि ते बुडतात उलटतपासणीत. म्हातारी साक्षीला उभी राहते. वकील विचारतो, ‘भाटकाराला वर्षाला काही पैसे देत होता ना?’ ती म्हणते, ‘हो, देत होतो.’ संपले. प्रत्यक्षात ते पैसे पाडेलीच्या, म्हणजे माडांवरून उतरवलेल्या, नारळांचे असतात, किंवा भाटकाराच्या नावावर येणारी घरपट्टी त्याच्या हातात दिलेली असते. दुसरा प्रश्न : ‘भाटकार मुंबईला असताना त्याच्या घराची चावी तुमच्याकडे असायची ना?’ यालाही ‘हो’. शेजारधर्म म्हणून चावी ठेवणे वेगळे, राखणदार म्हणून त्याच घरात राहणे वेगळे. साक्षीत खरे तेच सांगायचे, पण पूर्ण सांगायचे : पैसे कशाचे, कोणाला, पावती होती का, आपण राहत होतो ते घर कुठले आणि भाटकाराचे घर कुठले. शपथपत्र तयार करतानाच हे तपशील त्यात यायला हवेत. वकिलाच्या टेबलावर तयार असलेल्या साच्यातले शपथपत्र सही करून देऊ नका. त्यात घराला किती खोल्या, छप्पर कशाचे, कोणी बांधले, दिवा कधी आला, यातले काहीच नसते.

आता कागद. लोक गेल्या दहा वर्षांची विजेची बिले, आधार कार्ड, गॅसचे पुस्तक यांचा गठ्ठा घेऊन येतात. त्यांनी आजचे वास्तव्य सिद्ध होते, १९७५-७६ चे नाही. त्या काळाचा कागद शोधायचा. मतदार यादी हा त्यातला चांगला पुरावा. गोव्यात १९७२ आणि १९७७ मध्ये विधानसभेच्या निवडणुका झाल्या. त्या दोन्ही वेळच्या याद्यांत त्याच वाड्यावर, त्याच घर क्रमांकावर आजोबांचे नाव सापडले, तर मधले वर्ष दोन्ही बाजूंनी बांधले जाते. शाळेच्या दाखल्याच्या रजिस्टरातला पत्ता, जुने रेशन कार्ड, पंचायतीचे घरपट्टीचे वही-पान, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतला वाडा, मृत्यूच्या नोंदीतले ठिकाण, आखाताहून किंवा बोटीवरून आलेल्या पत्रांची शिक्के असलेली पाकिटे, हे सगळे चालते. एकच कागद भक्कम असण्यापेक्षा वेगवेगळ्या कचेऱ्यांतले चार साधे कागद एकच गोष्ट सांगत असले तर त्याचे वजन जास्त.

घर क्रमांकाचा घोळ आधीच निस्तरून ठेवा. पंचायतीने मध्ये नवे क्रमांक दिलेले असतात. १९७७ च्या यादीतला ४७ आणि आजचा ११२/अ हे एकच घर, हे मामलेदाराला आपोआप कळत नाही. पंचायतीकडून तसा दाखला घ्यायचा, आणि शक्य असेल तर जुन्या रजिस्टराच्या पानाची प्रमाणित प्रतही. नुसता सचिवाचा दाखला पुढे आव्हान दिल्यावर लटपटतो, कारण तो कशाच्या आधारावर दिला हे विचारले जाते. घरपट्टी भाटकाराच्या नावावर निघाली तर घाबरून जायचे कारण नाही. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे, तशीच ती मुंडकारपणाविरुद्धचा अंतिम पुरावाही नव्हे. पण तिचा खुलासा आपल्याच अर्जात आधी आला पाहिजे, भाटकाराच्या उत्तरानंतर नाही.

सर्व्हेचे उतारे दोन्ही तऱ्हेचे काढा. आज संगणकावर निघणारा फॉर्म एक व चौदा तर हवाच, पण मामलेदार कचेरीतल्या जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्याची प्रतही हवी. जुन्या पानावर ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकाराचे नाव होते आणि संगणकात उतरवताना ते गळले, असे होते. शहरात फॉर्म डी पाहायचा. महसूल संहितेप्रमाणे हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे नाव असेल तर ते भाटकाराने खोडून काढायचे, नसेल तर आपण सिद्ध करायचे. त्याबरोबर सर्व्हेच्या नकाशाची प्रत घेऊन आपले घर त्यावर आखलेले आहे का पाहा. घराचा चौकोन नकाशावर असला तर सर्व्हे झाला तेव्हा तिथे बांधकाम होते हे दिसते. कोण राहत होते ते मात्र नकाशा सांगत नाही.

पुरावा चांगला असूनही अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो त्याचे खरे कारण वेगळे असते : समोरचे पक्षकार. मला या सगळ्या व्यवहारात सर्वात मोलाचा सल्ला द्यायला सांगितला तर मी हाच देईन. अर्ज टाकण्यापूर्वी भाटकार कोण हे शोधण्यात सहा महिने गेले तरी चालतील. ते वाचवले तर पुढे दहा वर्षे जातात.

फॉर्म एक व चौदावर ज्याचे नाव आहे तो माणूस कित्येकदा कधीच वारलेला असतो. मेलेल्या माणसाविरुद्ध अर्ज केला तर मिळालेला निवाडाही कुचकामी. त्याचे वारस शोधायचे, आणि गोव्यात वारस म्हणजे नुसती मुले नव्हेत. इथल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नानंतर साधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. म्हणून प्रत्येक वारसाबरोबर त्याचा जोडीदारही पक्षकार हवा. चार मुलगे, तीन मुली, सगळ्यांची लग्ने झालेली : चौदा पक्षकार झाले. त्यातला एक वारला की त्याचे वारस मुदतीत रेकॉर्डवर आणायचे. नाही आणले तर त्याच्यापुरती कार्यवाही संपते, आणि कधी कधी सगळीच डळमळते. रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, ‘वारसांची नावे देण्यासाठी’ असे लिहून तारखा पडत राहतात, तो काळ आपल्याच हाताने गमावलेला असतो.

वारस सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. भाटकाराच्या कुटुंबात वाटणी कोर्टातून झाली असेल तर तिचे इन्व्हेंटारिओचे कागद असतात. त्यात वारसांची आणि मालमत्तेची अख्खी यादी मिळते, शिवाय आपले भाट, म्हणजे घर ज्यात आहे ती भाटकाराची जमीन, कोणाच्या वाट्याला गेले तेही. तसे नसेल तर विशेष नोटरीकडे वारसा ठरवणारा दस्त झालाय का पाहायचे, ज्याला जुने लोक अजून हबिलितासांव म्हणतात. पोर्तुगीज काळातले वर्णन आणि नोंदी जमीन नोंदणी कचेरीत मिळतात, मात्रीझचा, म्हणजे त्या काळच्या जमीन कराच्या नोंदवहीचा, दाखलाही काढता येतो. पणजीच्या पुराभिलेख खात्यातही जुने दस्त आहेत. भाषा पोर्तुगीज असेल तर भाषांतर करून जोडावे लागते, तो खर्च धरून चाला.

भाटकाराचे वारस लिस्बनला, कोणी टोरंटोला. नोटीस पोचत नाही. पत्ता शोधायचा प्रयत्न केला, रजिस्टर पोस्ट परत आले, याची नोंद रेकॉर्डवर आणल्यावरच वर्तमानपत्रातून जाहीर नोटीस देण्याची परवानगी मागायची. प्रयत्न न करता थेट जाहिरात दिली तर पुढे एखादा वारस उगवतो, ‘मला नोटीसच मिळाली नाही’ म्हणतो, आणि एकतर्फी निवाडा रद्द होऊन पुन्हा पहिल्या पानावर. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक जमीन संस्थेची, असेल तर नोटीस कोमुनिदादीच्या नावाने जाते. तिच्या वतीने प्रोक्युरादोर (तिचा मुखत्यार) किंवा वकील उभा राहतो. देवस्थानची असेल तर समितीच्या वतीने अधिकार कोणाला आहे ते पाहायचे. मात्र कोमुनिदादीच्या जमिनीत गेल्या काही वर्षांत पत्रे ठोकून बसलेला माणूस मुंडकार होत नाही. संमती नसेल तर ते अतिक्रमणच, आणि अशा माणसाला ‘मुंडकाराचा अर्ज टाक, घर वाचेल’ असा सल्ला देणारे त्याचे नुकसानच करतात.

आणखी एक : भाटकाराने मधल्या काळात जमीन बिल्डरला विकलेली असते. घरात राहणारा मुंडकार विक्रीमुळे जात नाही. नवा मालक हाच त्याचा भाटकार. पण अर्जात जुन्याबरोबर नव्यालाही पक्षकार करायला हवे, नाहीतर तो पुढे आपल्याला ऐकलेच नाही म्हणून अपिलात जातो. दर काही महिन्यांनी उतारा काढून मालकाच्या रकान्यात काही बदललेय का पाहत राहावे.

आपल्या बाजूचे वारसही तितकेच महत्त्वाचे. मुंडकाराचा हक्क वारसाने पुढे जातो, पण तो विकता येत नाही. मूळ मुंडकार आजोबा असतील तर त्यांचे सगळे वारस, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट, अर्जात यायला हवेत. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. घरात राहणारा धाकटा भाऊ एकट्याच्या नावाने अर्ज करतो, कारण कचेरीच्या खेपा तोच घालतो. दाखला त्याच्या एकट्याच्या नावाने निघतो, आणि मग सख्खे भाऊ-बहीण अपिलात समोर उभे राहतात. भाटकाराला यापेक्षा सोयीचे काही नसते. ज्यांना हिस्सा नको असेल त्यांनी तसा रीतसर दस्त करावा, तोंडी ‘तूच घे’ पुरत नाही. आणि नोटरीच्या साध्या कागदावर मुंडकाराचे घर बाहेरच्याला ‘विकणे’ हा तर उघड घात आहे. विकणाऱ्याला विकायचा हक्क नव्हता, घेणाऱ्याला काही मिळाले नाही, आणि मूळ कुटुंब घर सोडून गेल्याचा पुरावा मात्र भाटकाराच्या हातात पडला.

किती जमीन मिळते, यावरून होणारे वाद मोजणीने सुटतात, तावातावाने बोलून नाही. पंचायत हद्दीत घराच्या बाहेरच्या भिंतींपासून ५ मीटरपर्यंतची जमीन, किंवा घराखालच्या जमिनीसकट एकूण ३०० चौरस मीटर, यातले मुंडकाराला जास्त फायद्याचे ते. नगरपालिका हद्दीत हेच २ मीटर किंवा २०० चौरस मीटर. हिशेब करून पाहा. खेड्यात घर ८ मीटर बाय ६ मीटर. चारी बाजूंनी ५ मीटर धरले तर १८ बाय १६, म्हणजे २८८ चौरस मीटर. इथे ३०० चा पर्याय बरा. घर १० बाय ८ असेल तर २० बाय १८, म्हणजे ३६०. इथे ५ मीटरचा पर्याय बरा. शहरात तेच ८ बाय ६ चे घर २ मीटर धरून १२ बाय १०, म्हणजे फक्त १२० होते, तिथे २०० मागायचे. अर्जात कुठला पर्याय मागतो ते स्पष्ट लिहायचे. ‘नियमाप्रमाणे जागा मिळावी’ असे मोघम लिहिले की मोजणीला आलेला सर्व्हेअर त्याला सोपे वाटेल ते आखतो.

या आकड्यांना अडचणी येतात त्या शेजारच्या घरांमुळे. एकाच भाटात दोन मुंडकारांची घरे ६ मीटर अंतरावर असतील तर दोघांनाही ५-५ मीटर कुठून मिळणार? मधली जागा निम्मी-निम्मी होते, प्रत्येकाला ३ मीटर. म्हणून शेजारी मुंडकाराचा अर्ज चालू असेल तर दोघांनी मिळून एकच नकाशा करून घेणे शहाणपणाचे. गोठा, डुकराची खोप, धंद्याची लहानशी शेड यांचा उल्लेखही मागणीत हवा. मागाहून वाढवलेली पडवी ही घराची बाहेरची भिंत धरायची की नाही, यावर मात्र भांडण ठरलेले. पडवी कधी झाली याचा फोटो किंवा पंचायतीचा परवाना असेल तर तो जोडावा. विहीर बहुधा ५ मीटरच्या बाहेर असते. ती खरेदीत येत नाही, पण पाणी काढायची आणि येण्याजाण्याची जुनी वहिवाट असते. ती वाट नकाशावर तुटक रेषेने दाखवून घ्या, रुंदीसकट. वाट न दाखवलेले खरेदीचे दाखले मी वाईटच मानतो. घर आपले झाले तरी भाटकाराने गडगा घातला की नव्याने भांडण.

किमतीवर लोक सर्वात जास्त घाबरतात, आणि खरे तर तिथे सर्वात कमी अर्ज फसतात. किंमत मामलेदार चौकशी करून ठरवतो. घर आपल्या पैशाने उभारले असेल तर तो मुद्दा पुराव्यासकट याच टप्प्यावर मांडायचा. दोन्ही बाजूंनी शेजारच्या विक्रीखतांचे आकडे येतात. आपणही सब-रजिस्ट्रारकडून आणावेत, पण मुंडकाराच्या घराने अडलेल्या जमिनीचे, मोकळ्या रस्त्यालगतच्या भूखंडाचे नव्हेत. किंमत ठरली की दिलेल्या मुदतीत भरायची. भाटकार पैसे घ्यायला नकार देत असेल तर कचेरीत जमा करायचे आणि चलन जपून ठेवायचे. भाटकारांचे आपसात मालकीवरून भांडण असले तरी तेच, त्यांचा तंटा सुटेपर्यंत थांबायचे कारण नाही.

इथे इंग्लंडची आठवण येते, कारण स्विंडनला नातेवाईक नाही असे घर आता विरळाच. तिथे कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, घरात भाड्याने राहणाऱ्याला ते घर विकत घेण्याचा हक्क १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने दिला. वाद तिथेही होतात : माणूस पात्र आहे का, घर म्हाताऱ्यांसाठी राखीव होते का, किंमत बरोबर लावली का. पण भाडेकरूने अर्ज दिला की कौन्सिलने साधारण ४ आठवड्यांत हो किंवा नाही कळवायचे, आणि हो म्हटल्यावर घरासाठी ८ किंवा फ्लॅटसाठी १२ आठवड्यांत किमतीसह देकार द्यायचा. उशीर केला तर भाडेकरू उशिराची नोटीस देतो, आणि तरीही हालचाल झाली नाही तर त्यानंतर भरलेले भाडे किमतीतून वजा होते. म्हणजे उशिराची किंमत उशीर करणाऱ्याने मोजायची. आपल्याकडे नेमके हेच नाही. तारीख पडली, मामलेदार बदलला, भाटकाराचा वकील आला नाही, तर नुकसान फक्त मुंडकाराचे. कायद्यात एकच दुरुस्ती करायची असेल तर ती इथे व्हावी असे मला मनापासून वाटते. तोवर आपल्या हातात एवढेच की प्रत्येक तारखेला हजर राहणे, रोजनाम्यात हजेरी लागल्याची खात्री करणे, आणि आपल्या बाजूने कधीही तहकुबी न मागणे.

खटला चालू असताना पावसात मातीची भिंत कोसळते, हा प्रसंग दर वर्षी कुठे ना कुठे येतो. त्याच दिवशी फोटो काढा, तलाठी व पंचायतीला लेखी कळवा, पंचनामा करून घ्या. घर पडून जागा मोकळी राहिली तर ‘इथे राहते घर नाही’ असे म्हणायला भाटकार मोकळा होतो. दुरुस्तीचा हक्क मुंडकाराला आहे, पण जुन्या जोत्यावरच. जोते हलवले, वाढवले किंवा दुसरीकडे नवे घातले की बेकायदा बांधकामाची तक्रार आणि मुंडकारपणाचा वाद, दोन्ही एकदम अंगावर येतात. भाटकार हरकत घेत असेल तर मामलेदाराकडे अर्ज करून मगच काम सुरू करावे. ताडपत्री टाकून त्याच जागी राहत राहणे महत्त्वाचे, चार महिने बहिणीकडे जाऊन राहणे पुढे महागात पडते.

भाटकार धमकावत असेल, वाट अडवत असेल, तर दिवाणी कोर्टात धावण्याआधी विचार करा. मुंडकार आहे की नाही हा प्रश्न दिवाणी कोर्ट स्वतः ठरवत नाही. असा मुद्दा दाव्यात निघाला की कोर्ट तो मामलेदाराकडे पाठवते आणि दावा थांबतो. त्यामुळे मामलेदाराकडचा अर्ज आधीच चालू असणे केव्हाही चांगले. मामलेदाराचा निवाडा विरोधात गेला तर अपील कलेक्टरकडे, बहुधा ते डेप्युटी कलेक्टर ऐकतात, आणि पुढे प्रशासकीय लवाद. निवाडा लागला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका आणि अर्जाची पोच ठेवा, मुदतीच्या हिशेबात ती उपयोगी पडते.

तडजोड वाईट नाही. भाटकार भला असेल तर आपसात विक्रीखत करून कायद्याच्या आकड्यापेक्षा जास्त जागाही मिळू शकते. पण त्या खतावर सगळ्या सहमालकांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या हव्यात. परदेशातल्या वारसाच्या वतीने कोणी सही करत असेल तर त्याचे मुखत्यारपत्र विक्रीचा अधिकार देते का, ते शब्द न शब्द वाचायला हवे. बिल्डर ‘घर सोडा, त्या बदल्यात फ्लॅट देतो’ म्हणतो तेव्हा फ्लॅटचा नोंदणीकृत दस्त आणि ताबा मिळेपर्यंत घर सोडू नये, आणि मुंडकारपण सोडल्याच्या कागदावर सही करू नये. आधी सही आणि मग फ्लॅट, हा क्रम ज्यांनी स्वीकारला त्यांच्या हातात दाखवायला काहीच उरत नाही.

खरेदीचा दाखला मिळाला की तो सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून घ्यायचा. त्याला जोडलेल्या नकाशावर मामलेदाराची सही व शिक्का आहे का, चारी सीमा, सर्व्हे नंबर, पोटहिस्सा आणि चौरस मीटर दाखल्याच्या मजकुराशी जुळतात का, हे काउंटर सोडण्याआधी तपासा. नावातली वेलांटी चुकलेली असली तरी तिथेच दुरुस्त करून घ्या, नोंदणी झाल्यावर तीच दुरुस्ती करायला नवा अर्ज लागतो. मग म्युटेशन, म्हणजे फॉर्म एक व चौदावर मालक म्हणून आपले नाव. तेवढ्यावरही थांबू नये. नाव लागले तरी अख्ख्या भाटाच्या सर्व्हे नंबरात भाटकाराच्या नावाशेजारी ते लागलेले असते. घराच्या जागेचा वेगळा पोटहिस्सा पाडण्यासाठी पार्टिशनचा अर्ज करायचा, सर्व्हे खात्याचा माणूस येऊन दगड रोवून जातो, आणि नवा पोटहिस्सा क्रमांक पडलेला उतारा निघतो. बँक आणि बांधकामाचा परवाना देणारी कचेरी हाच उतारा मागते. दगड रोवताना शेजाऱ्यांना बोलावून पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घ्या, आणि प्रत्येक दगडाचा घराच्या कोपऱ्यापासूनच्या अंतरासह फोटो काढून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात एखादा दगड हललेला दिसला तर मोजायला काहीतरी हाताशी असेल.